ऋणकोचा माग

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्यावर, होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. कानडीत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. सतराव्या शतकात विजापूरकरांनी हा मुलूख जिंकल्यावर तो शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत मोडू लागला. पुढे १७६८ च्या ऑगस्ट महिन्यात, पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धाच्या वेळी, हैदरअलीने मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्रीचा छापा घातला तोही याच ठिकाणी. आज माणसे येथे येतात ती रोजगारासाठी. १९९८ पासून येथे मालमोटारी तयार करणारा व्होल्वोचा कारखाना आहे. हमरस्त्याच्या दुतर्फा मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत. आणि त्यांच्या मागील वस्त्यांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी वाढत गेल्या आहेत.

अशाच एका खोलीत बेळगावकडचा एक तरुण राहतो, असे उदाहरणादाखल समजू. ठेकेदारामार्फत तो गोदामात कामाला लागला आणि हप्त्यांवर त्याने मोटारसायकल घेतली. काही महिन्यांनी ठेका संपला. तरुणाने खोली बदलली आणि दूरध्वनीचा नवा क्रमांक घेतला. तीन हप्ते थकले. नवा पत्ता त्याने कोणालाही कळविला नव्हता. तरीही एके दिवशी सकाळी दारावर थाप पडली आणि दारात वसुलीचा माणूस उभा होता. अशा वेळी हप्त्याच्या चिंतेपूर्वी त्याच्या मनात प्रश्न येतो तो हा की, याला माझा पत्ता लागला कसा?

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर लांबलचक आहे. ज्याने पैसे दिले त्याला ते परत मागण्याचा आणि त्यासाठी ऋणको कोठे आहे हे शोधण्याचा हक्क आहे, यात वाद नाही. वाद आहे तो हा शोध कोणाकडे घ्यावा, कोणत्या शब्दांत घ्यावा आणि शोध घेताना तिसऱ्याला काय सांगावे, याविषयी. ऋणकोचा पत्ता विचारणे आणि त्याचे कर्ज गावभर करणे या दोन गोष्टींमधील अंतर फार थोडे आहे, आणि तेच या विषयाचे मर्म होय.

ओळखीच्या गावातील वसुली

जुन्या गावात ऋणकोचा माग काढण्याची गरज क्वचितच पडे. सावकाराला कुळाचे घर, शेत, बैल, सोयरीक आणि पिकाचा अंदाज हे सर्व ठाऊक असे. वसुलीची साधने होती ती तगादा आणि धरणे. धनको स्वतः ऋणकोच्या दाराशी ठाण मांडून बसे, किंवा त्यासाठी माणूस बसवी. १८०९ साली शिंद्यांच्या लष्कराबरोबर असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांतून या धरण्याचे वर्णन केले आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०८ मध्येही दैवी कोपाची भीती घालण्याच्या अपराधाचे उदाहरण म्हणून दाराशी धरणे धरून बसणाऱ्या माणसाचाच दाखला घेतलेला होता. म्हणजे लोकांदेखत लाज आणून पैसे काढणे ही आजची युक्ती नव्हे; तिचे वय पुष्कळ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ओळखीची जागा कागदाने घेतली. रोखे व खतपत्रे सावकाराच्या पेटीत असत, आणि त्यांत काय लिहिले आहे हे अंगठा उमटविणाऱ्या कुणब्याला वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भिमथडी तालुक्यात, सुपे या बाजारपेठेच्या गावी, दंग्याला तोंड फुटले. लोकांनी हल्ला केला तो प्रामुख्याने कागदांवर. रोखे हिसकावून ते जाळण्यात आले. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमण्यात आला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ कायदा झाला. त्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्यास मनाई केली. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावपातळीवरील निबंधकासमोर व्हावेत असे ठरविले. आणि सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा व मागितल्यास पासबुक द्यावे, अशी तरतूद केली.

या तरतुदीचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. ऋणकोविषयी धनकोला जितके ठाऊक असते तितके धनकोच्या वहीविषयी ऋणकोला ठाऊक नसते, आणि जुलूम उपजतो तो या तफावतीतून, हे त्या काळच्या कायदेकर्त्यांना उमगले होते. दीडशे वर्षांनंतर वही बदलली, तफावत मात्र उरली आहे.

धनकोच्या कपाटातील सुगावे

गाव सोडून माणूस शहराकडे निघाला तेव्हा माग काढण्याचा स्वतंत्र व्यवसाय जन्मास आला. इंग्रजीत त्याला ‘स्किप ट्रेसिंग’ म्हणतात, म्हणजे निसटलेल्याचा माग काढणे. या व्यवसायाचा पहिला नियम असा की, शोधाची सुरुवात बाहेर करावयाची नाही. ती धनकोच्या स्वतःच्या कपाटापासून करावयाची.

कर्जाचा अर्ज पुन्हा वाचून पाहिला तर याचे कारण कळते. त्यात सध्याचा पत्ता असतो, तसाच कायमचा पत्ताही असतो. मालकाचे अथवा ठेकेदाराचे नाव असते. जामीनदार असतो. संदर्भासाठी म्हणून दोन परिचितांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक घेतलेले असतात. सोबत आधार, पॅन, भाडेकरार, वेतनपत्र आणि बँकेच्या खात्याचा उतारा यांच्या प्रती जोडलेल्या असतात. खात्याच्या उताऱ्यावरून पगार कोठून येतो, पैसे कोणाला पाठविले जातात आणि कोणत्या गावी काढले जातात हे दिसते. आपल्या उदाहरणातील तरुणाने होसकोट्यातील खोली बदलली, परंतु बेळगावकडील घर बदलले नाही. आणि त्या घरी त्याचे आईवडील राहतात. बहुसंख्य माग याच वाटेने लागतात. अर्ज भरताना या रकाने भरण्यामागे एवढा अर्थ आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

पत-माहितीचे भांडार

दुसरा मार्ग पत-माहिती कंपन्यांचा. १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन या व्यापाऱ्याने ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली आणि दूरदूरच्या गावांतील प्रतिनिधींकडून व्यापाऱ्यांच्या पतीविषयी टिपणे मागविण्यास आरंभ केला. आधुनिक पत-माहितीची सुरुवात सामान्यतः तेथपासून मानली जाते. भारतात सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली, पत-माहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला, आणि आता अशा चार कंपन्या काम करतात.

प्रत्येक बँक व वित्तसंस्था आपल्या ऋणकोंची माहिती या कंपन्यांना पुरविते. तीत थकबाकी असते, तसेच नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांकही असतात. होसकोट्याच्या तरुणाने नव्या क्रमांकावरून दुसऱ्या संस्थेकडे हप्त्यांवर मोबाइल घेतला की तो क्रमांक आणि नवा पत्ता या भांडारात जमा होतो, आणि जुन्या धनकोने त्याचा अहवाल मागविला की तो त्याच्या हाती पडतो. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्यातून दोनदा पुरविण्याचा नियम लागू झाला; त्यामुळे माग लागण्यास लागणारा काळ आणखी कमी झाला.

हे सर्व कायदेशीर आहे, आणि त्याला काही बंधनेही आहेत. हा अहवाल सदस्य संस्थेला ठराविक कारणासाठीच मागविता येतो. प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये दिला. आणि कोणी अहवाल पाहिल्यास संबंधितास संदेशाने कळवावे, असे २०२३ मध्ये ठरविले. १८७९ च्या पासबुकाचीच ही नवी आवृत्ती आहे, असे म्हणता येईल.

सरकारी दप्तरे आणि शेजारची माणसे

तिसरा मार्ग सार्वजनिक दप्तरांचा. मतदारांच्या याद्या उपलब्ध असतात. कर्नाटकात जमिनीची ‘पहाणी’ आणि महाराष्ट्रात सातबारा संगणकावर पाहता येतो; नोंदणी झालेल्या दस्तांचा शोध घेता येतो; न्यायालयांतील दाव्यांच्या तारखा जाहीर असतात. मोटारसायकल कर्जाची असेल तर नोंदणीच्या दाखल्यावर धनकोचा बोजा नोंदलेला असतो, आणि थकलेल्या वाहनांच्या क्रमांकांच्या याद्या घेऊन माणसे वाहनतळांवरून फिरत असतात. न्यायालयाचा हुकूमनामा मिळाल्यास १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार ऋणकोला आपल्या मालमत्तेचे विवरण शपथेवर देण्यास भाग पाडता येते. हा राजमार्ग होय; परंतु त्याला वेळ लागतो, आणि लहान कर्जासाठी तो फारसा कोणी धरीत नाही.

म्हणून शेवटी सगळे येऊन ठेपते ते माणसांवर. घरमालक, किराणा दुकानदार, गोदामाच्या फाटकावरील पहारेकरी, जुना ठेकेदार, शेजारी ही सर्व बोलणारी दप्तरे आहेत. त्यांच्याकडून माहिती काढण्याची जुनी रीत म्हणजे खोटी बतावणी. ‘त्यांच्या नावाचे पार्सल आहे’, ‘नोकरीचे पत्र आले आहे’, ‘विम्याचे पैसे मंजूर झाले आहेत’, असे सांगितले की भोळा शेजारी नवा पत्ता आपण होऊन सांगतो. त्याहून गैर प्रकार म्हणजे माहितीची चोरटी खरेदी. दूरध्वनीच्या संभाषणांचे तपशील कायद्याने केवळ तपासयंत्रणांना मिळू शकतात. परंतु २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी असे तपशील बेकायदा मिळवून विकणाऱ्या टोळीचा छडा लावला, तेव्हा अटक झालेल्यांत खाजगी गुप्तहेरही होते. ते प्रकरण वसुलीचे नव्हते, परंतु अशा मालाला बाजार आहे हे त्यातून उघड झाले.

वसुलीचे काम धनकोकडून एका संस्थेकडे, तिच्याकडून दुसरीकडे आणि अखेरीस टक्केवारीवर फिरणाऱ्या एखाद्या मुलाकडे जाते. त्याबरोबर ऋणकोची यादीही हातोहात फिरते. प्रत्येक हाताला ती किती काळ ठेवावी आणि काम झाल्यावर तिचे काय करावे, हे विचारणारा बहुधा कोणी नसतो.

लंडनमधील एक खटला

पत्ता विचारण्याच्या निमित्ताने काय अनर्थ होऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील आहे. टूर्नियर नावाच्या गृहस्थाच्या खात्यावर नऊ पौंडांच्या आसपास रक्कम येणे होती. ती आठवड्याच्या हप्त्यांनी फेडण्याचे त्याने कबूल केले आणि नव्या मालकाचे नाव व पत्ता बँकेला लिहून दिला. हप्ते थांबले तेव्हा बँकेच्या व्यवस्थापकाने त्याच्या घरचा पत्ता मिळविण्यासाठी मालकाला दूरध्वनी केला. पत्ता विचारता विचारता त्याने टूर्नियरच्या कर्जाविषयी, आणि शर्यतीवर पैजा घेणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध असल्याविषयीही सांगून टाकले. टूर्नियरची नोकरीची मुदत संपत आली होती. ती वाढविण्यात आली नाही.

टूर्नियरने दावा लावला. १९२४ च्या निकालसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या या खटल्यात अपील न्यायालयाने असे ठरविले की, ग्राहकाविषयीची माहिती गुप्त राखणे हे बँकेचे कर्तव्यच होय. कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि ग्राहकाची संमती एवढे चारच अपवाद त्याला मान्य झाले. बँकांच्या गोपनीयतेच्या कायद्याचा पाया म्हणून आजही याच निर्णयाकडे पाहिले जाते. नऊ पौंडांच्या वसुलीपायी माणसाची उपजीविका गेली, आणि ती केवळ एका दूरध्वनीमुळे गेली, हे यातील ध्यानात ठेवण्याजोगे सत्य आहे.

अमेरिकेने हाच धडा १९७७ साली कायद्याच्या कलमांत घातला. तेथील वसुली संस्थेस ऋणकोचा ठावठिकाणा तिसऱ्या माणसाला विचारता येतो. परंतु विचारणाऱ्याने आपले नाव सांगितले पाहिजे, कर्जाचा उल्लेखही करता कामा नये, सामान्यतः एकाच व्यक्तीकडे पुन्हा जाता कामा नये, आणि खुल्या कार्डावर लिहिता कामा नये. शोधाला मुभा आणि बदनामीला मनाई, अशी ही विभागणी आहे.

खिशातील साक्षीदार

२०२० च्या सुमारास भारतात या व्यवहाराला भयंकर वळण लागले. टाळेबंदीच्या काळात मोबाइलवरून काही मिनिटांत लहान कर्जे देणारी ॲप मोठ्या संख्येने पसरली. कर्ज घेताना ऋणको संमतीचे बटण दाबी आणि त्याच्या दूरध्वनीतील सर्व नावे, छायाचित्रे व संदेश ॲपच्या चालकांकडे जात. माग काढण्याचा प्रश्नच उरला नाही. सारा गोतावळाच धनकोच्या हाती आला. हप्ता चुकताच त्या यादीतील नातेवाईक, वरिष्ठ, मैत्रिणी यांना दूरध्वनी जाऊ लागले; विकृत केलेली छायाचित्रे पाठविली जाऊ लागली. काही ऋणकोंनी आत्महत्या केल्या. पूर्वीचे धरणे एका दाराशी होते. आता ते एकाच वेळी शेकडो दारांशी बसू लागले.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या कार्यगटाला दोन महिन्यांच्या पाहणीत अशी सुमारे अकराशे ॲप आढळली; त्यांपैकी सुमारे सहाशे बेकायदा होती. बंगळूरच्या सायबर गुन्हे पोलिसांनी नोंदविलेल्या अठरा प्रकरणांच्या आधारे सक्तवसुली संचालनालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्या शहरात झडत्या घेतल्या. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत ठरविले की, कर्ज देणाऱ्या ॲपने दूरध्वनीतील नावांची यादी, संभाषणांची नोंद व छायाचित्रांचा साठा यांना हात लावू नये. ओळख पटविण्यापुरता कॅमेरा अथवा ठिकाण एकदाच आणि संमतीने वापरावे. २०२५ च्या निर्देशांतही हे बंधन कायम ठेवण्यात आले. परंतु जी ॲप मुळातच बेकायदा आहेत ती कोणत्याही निर्देशाला बांधली जात नाहीत, हेही खरे.

कायद्याची चौकट

पाठलागाला कायद्याने फार पूर्वी अपराध ठरविले आहे. १९४६ च्या मुंबई सावकार कायद्यात ऋणकोचा सतत पिच्छा पुरविणे किंवा त्याच्या घराशी अथवा कामाच्या जागी घोटाळत राहणे हा शिक्षापात्र छळ मानला होता. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली प्रतिनिधींना ओळखपत्र व अधिकारपत्र बाळगण्याचे आणि किमान शंभर तासांच्या प्रशिक्षणाचे बंधन घातले. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करण्यास, तसेच ऋणकोचे कुटुंबीय, मित्र आणि संदर्भासाठी दिलेल्या व्यक्ती यांच्या खाजगी जीवनात ढवळाढवळ करण्यास मनाई केली. सूक्ष्म कर्जांच्या बाबतीत ही वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी आखण्यात आली, आणि ऋणको ठरलेल्या जागी लागोपाठ दोन वेळा आला नाही तरच त्याच्या घरी जावे असे ठरले.

जानेवारी २०२५ मध्ये चामराजनगर जिल्ह्यातील काही कुटुंबे वसुलीच्या जाचाने घरे सोडून गेल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर १२ फेब्रुवारी २०२५ रोजी कर्नाटकात लहान कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध अध्यादेश निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. ऋणकोचा पाठलाग करणे, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या माणसांना वसुलीस लावणे, सरकारी लाभाचे कागद हिरावून घेणे यांसाठी त्यात दहा वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

माहितीच्या हक्काची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यातून २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात यावयाच्या असे ठरले. परंतु याच कायद्याच्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. वित्तसंस्थेचे कर्ज थकविणाऱ्याची आर्थिक माहिती, मालमत्ता व देणी शोधण्यासाठी संमतीसारख्या अटींतून सूट देण्यात आली आहे. मात्र माहिती उघड करण्याविषयीच्या इतर कायद्यांचे पालन त्यातही करावे लागते, आणि माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी सुटत नाही. या अपवादाचे शब्द नीट पाहिले तर ती सूट शोधण्याची आहे. शोधलेले शेजाऱ्याला सांगण्याची नव्हे. न्यायालयांत पुढे वाद होईल तो बहुधा याच सीमारेषेवर.

दारावरची थाप

आता होसकोट्याच्या त्या खोलीकडे पुन्हा वळता येईल. दारात उभ्या असलेल्या माणसाला आत घेण्यापूर्वी त्याचे ओळखपत्र आणि धनकोने दिलेले अधिकारपत्र पाहण्याचा तरुणाला अधिकार आहे. नेमकी किती रक्कम येणे आहे, हे त्याने धनकोकडूनच लेखी मागावे आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी. पत-माहितीचा अहवाल मागवून तो तपासावा. नवा पत्ता आणि हप्ते का थकले याचे कारण त्याने स्वतःच धनकोला कळविले, तर माग काढण्याचे निमित्तच उरत नाही, आणि शेजाऱ्याकडे विचारणा झाल्यास तिला सबब राहत नाही. घरमालकाला किंवा आईवडिलांना कर्जाविषयी सांगण्यात आले तर ती तारीख व वेळ टिपून ठेवून धनकोकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. धमकी आल्यास पोलीस ठाणे आहेच.

यामुळे कर्ज फिटत नाही, आणि फिटावे अशी अपेक्षाही नाही. मोटारसायकलीचे हप्ते त्याला द्यावेच लागतील. परंतु तो देणेकरी आहे ही गोष्ट तो आणि धनको यांच्यामधील आहे. चाळीतील पाण्याच्या नळाशी उभ्या असलेल्या माणसांची ती नव्हे. सुप्याच्या बाजारात जे कागद जळाले त्यांवरील देण्यांत खोटी होती तशी खरीही होती. लोकांचा राग होता तो आपल्याविषयी सर्व काही जाणणाऱ्या आणि आपल्याला काहीच कळू न देणाऱ्या पेटीवर. ती पेटी आता खिशात मावते. तिची किल्ली दोघांच्याही हाती असावी, एवढीच आजच्या कायद्याकडून अपेक्षा आहे.